नागपूर ते हैदराबाद, एक तास वीस मिनिटं

नागपूरच्या विमानतळावरून हैदराबादच्या विमानतळावर पोहोचायला एक तास वीस मिनिटं लागतात. हा आकडा मी इतक्यांदा सांगितला आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन. "म्हातारीले एकटीले कशी पाठवता हो?" असं मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात कोणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं. "एक तास वीस मिनिटाचा त प्रवास आहे. इथून किरनापूरले जाणारी बस मधात दोनदा थांबली त एवढाच वेळ घेते." आकडा खरा होता, म्हणून पुढे कोणी विचारत नसे.

घरापासून घरापर्यंतचा हिशोब मी कधी सांगितला नाही. पहाटे पाचला निघायचं, गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा, मौदा असं करत साडेचार तासांनी नागपूर विमानतळ. मग दोन तास आत बसून राहायचं. मग ती एक तास वीस मिनिटं. तिकडे उतरल्यावर सामान, आणि धाकट्या भावाच्या घरापर्यंत शहरातून दीड तास. सगळं मिळून दहा तास होतात. त्यातले साडेचार तास मी मायसोबत असायचो, शेवटचे दीड-दोन तास धाकटा. मधले तिचे एकटीचे.

व्यवस्था आम्ही दोघा भावांनीच ठरवली होती. सहा महिने माय माझ्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. मी तिला एका विमानतळावर सोडायचो, तो दुसऱ्यावरून घ्यायचा. चाकाच्या खुर्चीची सोय तिकिटातच मागता येते. मायला चालता येत होतं, पण खुर्ची मागितली की विमानतळाचा माणूस दारापासून विमानापर्यंत नेतो आणि आपली चिंता मिटते. पहिल्यांदा खुर्चीत बसली तेव्हा ती म्हणाली, "मले काय झालं बापा? पाय त हायेत." मी म्हणालो, "बस ना माय. नियम आहे." असा नियम नव्हता.

मी मँगनीजच्या खाणीत हाजिरीबाबू आहे. कोण किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर आला, हे लिहिणं माझं काम. ही नोकरी बाबांच्या जागची. बाबा गेले तेव्हा साहेबांनी मायला विचारलं होतं, तुम्ही घेता का जागा? माय तेव्हा ठेकेदाराकडे रेजा, म्हणजे रोजंदारीची मजूर होती. उघड्या खाणीत डोक्यावरच्या टोपल्यात धोंडे वाहायचे, हातोडीनं फोडायचे, चांगला माल वेगळा काढायचा. पक्की नोकरी मिळाली असती तर टोपलं सुटलं असतं. ती म्हणाली, पोराले द्या. मग मी खुर्चीवर बसलो आणि ती आणखी बारा वर्षं टोपलं वाहत राहिली. तिची हाजिरी मीच लावायचो.

खाणीत सुरुंग लावायच्या आधी भोंगा होतो. भोंगा झाला की मुकादम सांगेल तिथे सगळ्यांनी बसायचं आणि दुसरा भोंगा होईपर्यंत जागचं हलायचं नाही. तहान लागो, लेकरू रडो, ऊन असो. जे हलले त्यांचं काय झालं हे प्रत्येक घराला माहीत असतं. आमच्याकडे लहान मुलांनाही जत्रेत, दवाखान्यात, स्टेशनावर हेच सांगतात: "बस म्हनलं ना, भोंगा होयेपर्यंत हलू नको." आम्ही दोघे भाऊ असेच वाढलो.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीसाठी गोंदियाकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाचे वडील मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आई मास्तरीण. पाहुणे येणार म्हटल्यावर मी घराला रंग दिला, पडदे बदलले, आणि मग माझी नजर मायवर गेली. हे लिहायला जड जातं, पण तसंच झालं. आलेल्या कोणाजवळही माय पहिल्या पाच मिनिटांत सांगते, "मी खदानीत टोपलं वाह्यलं. हे पहा, इथं केस नाही येत." आणि पदर मागे करून टाळूवरचं टक्कल दाखवते. तिला त्यात लाज वाटत नव्हती. मला वाटत होती.

तिचे हैदराबादला जायचे दिवस दिवाळीनंतरचे होते. वर्षावास चालू होता. आमच्या वॉर्डातल्या विहारात तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं आणि अश्विन पौर्णिमेला खिरीनं समारोप. माय चौथी शिकलेली. बोट ठेवून, हळू, पण न चुकता वाचते. त्या वर्षी शेवटच्या दिवसाचं पान तिच्याकडे आलं होतं. दुपारी खाटेवर बसून ती ते पान पुन्हा पुन्हा म्हणून पाहायची.

मी तिला सांगितलं, "माय, दिवाळीनंतरचं तिकीट भेटून नाही राह्यलं. पुढच्या हप्त्यातलंच आहे."

"पौर्निमेले नऊ दिवस राह्यले ना रे."

"मी काय करू? गर्दी आहे."

"बरं," म्हणाली. पान दुसऱ्या बाईला देऊन आली. दिवाळीनंतरच्या तिकिटांची मी चौकशीसुद्धा केली नव्हती. पाहुणे ज्या दिवशी चारला येणार होते, त्याच दिवशीचं सकाळी अकरा चाळीसचं विमान मी घेतलं. सोडून परत यायला वेळ पुरत होता. वेळेचा हिशोब मला चांगला येतो.

त्या दिवशी सव्वानऊला विमानतळाच्या दारावर पोहोचलो. खुर्ची आली. मायजवळ बटणांचा साधा फोन होता. तो मी तिच्या हातून घेतला, बंद केला आणि पिशवीत तळाशी, साड्यांच्या खाली ठेवला. "विमानात चालू ठेवत नाहीत. धाकटा चालू करून देईल. तू हात नको लावजो." ती "हौ" म्हणाली. मग खुर्ची आत वळताना मी म्हणालो, "जिथं बसवतील तिथं बसजो. उठू नको, हलू नको. विमान चुकते."

माझ्या आवाजात मुकादम होता, हे मला तेव्हाही कळलं असावं.

मी एकटाच गाडी चालवत परत निघालो. मौद्याच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला टपरी आहे, तिथे चहाला थांबलो. पावणेअकरा झाले होते. फोनवर मेसेज आला. तिकीट माझ्या नंबरावर काढलं होतं, म्हणून मेसेज मलाच. हैदराबादला पाऊस, विमान आता साडेपाचला सुटेल.

मी तो मेसेज दोनदा वाचला. विमानतळ मागे एक तासावर होतं. परत गेलो असतो तर मला आत सोडलं नसतं कदाचित, पण दारावर सांगून तिला बाहेर आणता आलं असतं. सोबत जेवलो असतो. निदान निरोप पाठवता आला असता की उशीर आहे, उठ, पाणी पी, फिर. मात्र चारच्या आत घर गाठणं जमलं नसतं. चहावाल्यानं विचारलं, "अजून एक देऊ का, भाऊ?" मी "दे" म्हणालो. तो दुसरा चहा पिता पिता मी मेसेज पुसून टाकला.

धाकट्याचा फोन आला तेव्हा एक वाजत होता. मी तिरोड्याजवळ होतो.

"भाऊ, विमान त साडेपाचले आहे म्हणते. माय कुठी आहे? तिचा फोन बंद येऊन राह्यला."

"अरे! मले त काहीच नाही समजलं," मी म्हणालो. "मी त पोहोचलो घरी."

"मंग आता?"

"आतमध्ये आहे ना ती. लोकं राहतात तिथं. खुर्चीवाला आहे. काही नाही होत."

धाकट्यानं तिकडून विमान कंपनीला फोन केले. बाई सुखरूप बसलेल्या आहेत, असं उत्तर त्याला मिळालं. ते खरंच होतं.

पाहुणे साडेचारला आले. सोबत मुलाची आजी होती. पोहे झाले, चहा झाला, मुलीशी बोलणं झालं. म्हातारी कंटाळली. माझ्या बायकोला म्हणाली, "काहो, तुमच्या घरी आमच्या वयाचं कोनीच नाही का बोलाले?"

"आई हैदराबादले गेल्या. आजच," बायको म्हणाली.

"आजच? थोडी थांबली असती त दोघी बोललो असतो. मी चाळीस वर्षं बिड्या वळल्या बाई. या लोकायच्या गोष्टीत मले काही समजत नाही." आणि तिनं आपली बोटं बायकोपुढे धरली.

मुलाचे वडील हसले. त्यांना त्यात काहीच वाटलं नाही. मी घड्याळाकडे पाहिलं, पाच वाजून दहा मिनिटं. माय अजून तिथेच होती.

ते स्थळ पुढे जुळलं नाही. त्यांनी काही कळवलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मुलीची आता इंदूरला नोकरी आहे आणि ती मजेत आहे.

माय रात्री धाकट्याच्या घरी पोहोचली. दुसऱ्या दिवशी त्यानं फोनवर सांगितलं. पावणेदहापासून साडेपाचपर्यंत ती त्या खुर्चीत होती. विमानतळाच्या माणसानं दोनदा येऊन विचारलं, आजी पाणी, आजी बाथरूम? दोन्ही वेळा तिनं मान हलवून नाही म्हटलं. डबा उघडला नाही, कारण जेवलं की पाणी लागतं. दुपारनंतर कधीतरी तिचं लुगडं खराब झालं. तशीच विमानात बसली, तशीच उतरली. घरात शिरल्यावर सुनेला एवढंच म्हणाली, "मले पहिले न्हाऊ दे." पुढे आठवडाभर तिला ताप होता. डॉक्टर म्हणाले लघवीचं इन्फेक्शन आहे, इतका वेळ थांबवायला नको होतं.

"तिनं उठून कोनाले विचारलं काहून नाही?" धाकटा म्हणाला. "हिंदी त चांगली येते तिले. मी विचारलं त म्हणते, मोठ्या पोरानं बस म्हनलं होतं."

मी म्हणालो, "म्हातारे झाले की असंच होते."

हे वाक्य मी बोललो. आजही ते मला त्याच आवाजात ऐकू येतं.

चैत्रात तिनं परत यायचं होतं. ती म्हणाली, ऊन होऊ दे कमी. पाऊस लागला, तर म्हणाली, गुडघे दुखतात. आषाढी पौर्णिमा आली, विहारात वाचन सुरू झालं, माय आली नाही. तिथे धाकट्याच्या अकराव्या मजल्यावर तिच्याशी मराठीत बोलायला दोन माणसं, तीही दिवसभर कामावर. बालाघाटात तिचं घर, तिच्या मैतरणी, तिचं विहार. तरी ती येत नव्हती. मीही आग्रह केला नाही. मला तिच्यासमोर बसायची भीती वाटत होती. बाया रस्त्यात अडवायच्या, "तुमची माय काहून नाही येऊन राह्यली?" मी सांगायचो, "विमानाचा धसका घेतला तिनं." पाच-सहा महिने मी हेच सांगत फिरलो. त्यात दोष विमानाचा होता आणि तिच्या वयाचा.

एका संध्याकाळी विहारावरून जाताना मी बाहेर उभा राहिलो. ज्या बाईला मायनं आपलं पान दिलं होतं, ती वाचत होती. ती अडखळली आणि दुसरी कोणी मायबद्दल म्हणाली, "मावशी असती त अडखळली नसती." बस्स, एवढंच. घरी येऊन मी हैदराबादचं तिकीट काढलं. दुसऱ्याच आठवड्यातलं मिळालं, काही अडचण आली नाही.

मी आधी कधी विमानात बसलो नव्हतो. मायला पाच वेळा चढवलं होतं, पण पलीकडे काय आहे ते पाहिलं नव्हतं. आत गेल्यावर पाण्याचा नळ, बाथरूम, खुर्च्या सगळं पाहिलं. पाणी वीस पावलांवर होतं. बाथरूम त्याच्या बाजूलाच. मी मोजलं, कारण मला मोजायची सवय आहे.

धाकट्याच्या घरी माय बाल्कनीत कोथिंबीर निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो. धाकटा आतून चहा घेऊन येत होता, मी त्यालाही म्हणालो, बस. आणि सांगितलं. दिवाळीनंतरच्या तिकिटाची चौकशीच केली नव्हती हे सांगितलं. पाहुण्यांची गोष्ट सांगितली, तिच्या टोपल्याची लाज वाटली हेही सांगितलं. मेसेज सांगितला. पुसला तेही.

धाकट्यानं कप खाली ठेवला. "घरी पोहोचलो म्हनला होता ना भाऊ तू?"

"तिरोड्याजवळ होतो."

"अन् मेसेज आला तवा कुठी होता?" हे मायनं विचारलं.

"मौद्याजवळ."

तिनं एक काडी वेगळी काढली. मग म्हणाली, "मंग त लय जवळ होता."

धाकटा ओरडायला लागला. एवढी बिमार पडली ती, तू माणूस आहेस का, वगैरे. माय त्याला म्हणाली, "तू गप ऱ्हाय. तू तरी मले कवा घ्याले आला त्या गावाले? तुमी दोघं मले पार्सलसारखे धाडता." मग माझ्याकडे वळून, "पाहुने काय म्हनले?"

"त्यांची आजी आली होती. बिड्या वळायची ती. बोलाले कोणी नाही म्हणून रुसली."

माय हसली. खरंच हसली, कोथिंबिरीचं ताट मांडीवर हललं. "मंग तुले काय भेटलं रे, बाबू?"

मी ताटाबाहेर सांडलेली कोथिंबीर उचलून परत ठेवली.

"मले वाटे," ती हसू आटोपून म्हणाली, "तुले मी नको झाली. त कशाले येऊ? तुझ्याच तोंडून ऐकाचं होतं. नको त नको म्हन."

मी म्हणालो, "त्या दिवशी नको होती, माय."

"हौ," ती म्हणाली. "आता खरं बोलला."

धाकट्याची बायको आतून सगळं ऐकत होती. तिनं रात्रीच्या जेवणाला मला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. मला ते बरोबरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय स्वतःच म्हणाली, "पौर्निमेले किती दिवस हायेत?"

"सोळा."

"तिकीट काढ मंग. तुझं अन् माझं." मी रेल्वेचं म्हणालो, तिला विमानाचा त्रास नको म्हणून. ती चिडली. "विमानाले मी कवा भेली? रेल्वेत रात्रभर उलथ-पालथ करायची हौस नाही मले. अन् खुर्ची नको."

मग एक गोष्ट तिनं सांगितली, तीच मला सगळ्यात अवघड गेली. "विहारातल्या बाया विचारतीन, मी काहून नाही आली म्हनून. मी खोटं नाही बोलत. अन् तुझं खरं मी काहून सांगू? तूच सांगजो."

हैदराबादच्या विमानतळावर ती पायी चालली. हळू, थांबत, पण पायी. दोनदा चहा प्यायली, तीनदा उठून फेरी मारून आली. एकदा दहा मिनिटं दिसेना तेव्हा माझा जीव खालीवर झाला. ती काचेजवळ उभी राहून एका पंजाबी बाईशी हिंदीत बोलत होती आणि पदर मागे करून टाळू दाखवत होती. मी तिथेच थांबलो. मध्ये पडलो नाही.

बालाघाटला पोहोचेपर्यंत अंधार पडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्यासोबत विहारात गेलो. वाचन सुरू व्हायचं होतं. बायांनी तिला घेरलं, गुडघ्यांची चौकशी झाली, सून कशी आहे विचारून झालं. एकीनं माझ्याकडे पाहून म्हटलं, "गेला वाटते विमानाचा धसका?"

माय चष्मा पुसत बसली.

मी उभाच होतो. म्हणालो, "धसका नव्हता. मी खोटं सांगत होतो." आणि पंधरा-वीस बायांसमोर सगळं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, पण काही गाळलं नाही. त्यात अर्ध्या तरी अशा होत्या ज्यांची हाजिरी मी लावली आहे. एक म्हातारी, मायसोबत खाणीत कामाला असलेली, माझ्याकडे एकटक पाहत होती. शेवटी ती म्हणाली, "आठ घंटे, बापा." आणि तोंड फिरवलं.

मला वाटलं आता निघावं. चपला घालायला वळलो तर माय म्हणाली, "कुठी चालला? बस तिकडं मागं."

तिनं ग्रंथ उघडला. आदल्या दिवशी कुठपर्यंत आलं होतं ते शेजारणीनं दाखवलं. मायनं ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. मी मागे भिंतीशी बसून ऐकत राहिलो. त्या संध्याकाळी माझ्याशी त्यातली एकही बाई बोलली नाही, आणि त्यानंतरही बरेच दिवस नाही. माय मात्र वाचन संपल्यावर माझा हात धरून पायऱ्या उतरली.